टाकळीच्या माळावरचे शंख : रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप



आजचा लेख एका माणसाच्या आयुष्यावर आहे. पण तो लिहायला बसण्याचं खरं कारण माझ्याकडून वर्गात झालेली एक चूक आहे. म्हणून आधी ती चूक सांगते आणि मग त्या माणसाकडे वळते.

वर्गात आलेला दगड

परिसर अभ्यासाचा तास चालू होता. चौथीतल्या एका मुलाने दप्तरातून पांढुरका, गारगोटीसारखा एक कडक दगड काढून टेबलावर ठेवला. मामाच्या शेतात विहीर खोदली, त्या ढिगातून त्याला तो मिळाला होता. दगड पाहिला तर त्यात चक्क शंख! एक नाही, चार-पाच. एक तर अर्धा बाहेर आलेला, त्याचे वेढे मोजता येतील इतका स्पष्ट.

सगळा वर्ग टेबलाभोवती जमला. मग एका मुलीने विचारलं, की आपल्या शेजारच्या तालुक्याला समुद्रपूर म्हणतात ते इथे समुद्र होता म्हणून का? प्रश्न मला फार आवडला. शंख म्हणजे समुद्र, हे तर आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मी लगेच मान डोलावली आणि सांगून टाकलं, की हो, कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र असणार, हा दगड त्याचाच पुरावा. मुलं खूश, मीपण खूश.

घरी आल्यावर मात्र चैन पडेना. मी जे सांगितलं ते कशावरून सांगितलं? शोधाशोध सुरू केली, आणि त्यात एक नाव पुन्हा पुन्हा समोर येत गेलं : हिस्लॉप. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. कित्येक जण तिथे शिकलेही असतील. पण ज्यांच्या नावाने ते कॉलेज आहे, त्यांनी आपल्या या भागातल्या दगडी शंखांची पहिली नीट वर्गवारी केली, हे मला तरी ठाऊक नव्हतं. आणि त्या वर्गवारीने माझं उत्तर चुकीचं ठरवलं.

डन्स गावचा मुलगा

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या छोट्या गावी झाला. घरची मंडळी कष्टाळू आणि धार्मिक. लहानपणापासून स्टीफन यांना रानावनात फिरायचा आणि किडे, दगड, पानं गोळा करायचा नाद. आपल्या वर्गात खिशात खडे भरून येणारा एक तरी मुलगा असतोच ना? तसाच हा.

पुढे त्यांनी एडिंबरा आणि ग्लासगो इथे शिक्षण घेतलं आणि ते धर्मोपदेशक झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि फ्री चर्च नावाचा नवा पंथ उभा राहिला. हिस्लॉप त्या पंथात गेले. या फ्री चर्चला नागपूरला मिशन सुरू करायचं होतं, आणि त्यासाठी निवड झाली ती सत्तावीस वर्षांच्या हिस्लॉप यांची.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. हिस्लॉप इथे आले ते धर्मप्रसारासाठी, दगडांच्या अभ्यासासाठी नव्हे. ते त्यांचं काम होतं आणि त्याबद्दल कुणाचं काय मत असावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. या लेखात मी त्यांच्याकडे पाहते आहे ती एक शिक्षक आणि एक निरीक्षक म्हणून.

नागपुरात

फेब्रुवारी १८४५ मध्ये हिस्लॉप नागपूरला पोचले. तेव्हा नागपूर इंग्रजांच्या मुलखात नव्हतं. गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. इंग्रजांची फौजेची छावणी जवळच कामठीला होती. रघुजी महाराज १८५३ मध्ये वारले आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं. म्हणजे हिस्लॉप यांनी इथली राजवट डोळ्यांदेखत बदलताना पाहिली.

आल्या आल्या त्यांनी मराठी शिकायला घेतली आणि शाळा सुरू केली. १८४७ मध्ये त्यांच्या मदतीला रॉबर्ट हंटर हे दुसरे मिशनरी आले. हंटर यांनाही निसर्गाची आवड, त्यामुळे दोघांची जोडी जमली. हिवाळ्यात गावोगाव दौरे करायचे आणि जाता जाता वाटेतली माती, खडक, झाडं, माणसं, बोली सगळं टिपायचं, असा त्यांचा क्रम. पुढे हिस्लॉप यांनी गोंड लोकांची भाषा आणि त्यांच्यातली लिंगोची मौखिक गाथासुद्धा कागदावर उतरवून घेतली.

पगार मिशनचा, काम शाळेचं आणि उपदेशाचं, आणि उरलेल्या वेळात दगड. आपल्याला हे चित्र अनोळखी नाही. शाळा, सर्वेक्षण, निवडणुकीचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, आणि त्यातून वेळ काढून आपला एखादा छंद. हिस्लॉप यांची प्रयोगशाळा म्हणजे संध्याकाळचं फिरणं होतं.

टाकळीचा माळ

१८५१ च्या सुमाराची गोष्ट. नागपूरच्या पश्चिमेला टाकळी नावाचं गाव होतं. आज ते शहरातच आलं आहे. त्या बाजूला हिस्लॉप आणि हंटर फिरायला जात. तिथे त्यांना दगडात अडकलेला एक जीवाश्म दिसला. मग काय, दोघांचे पाय रोज तिकडेच वळू लागले. थोड्याच काळात केवढा खजिना हाती आला! शंख, माशांचे खवले, किड्यांच्या पंखांची कवचं, झाडांचं दगड झालेलं खोड, पानं, फळं आणि बिया.

हे सगळं सापडलं कुठे, ते नीट समजून घ्या. आपल्या विदर्भाचा बराच भाग काळ्या खडकाचा आहे. हा बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा लाव्हा आला, असे थरावर थर बसत गेले. पण दोन थरांच्या मधे कधी कधी बराच काळ शांतता असे. त्या काळात पाऊस पडे, खोलगट जागी पाणी साठून तळी होत, काठाने झाडं वाढत, पाण्यात गोगलगायी आणि मासे येत. मग पुन्हा लाव्हा येई आणि ते तळं आहे तसं गाडलं जाई. लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या या गाळाच्या पातळ थराला भूशास्त्रात इंटरट्रॅपियन थर म्हणतात. पोळ्यांच्या चळतीत मधेच पुरण पसरावं तसा हा थर. टाकळीला हिस्लॉप यांना तोच सापडला होता.

हे थर पाहणारे हिस्लॉप पहिले नव्हते, आणि इथे आपल्या हिंगणघाटचा संबंध येतो. भारताचं मोठं त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटलाच वारले. त्यांची समाधी आपल्या गावात आहे. त्यांच्या सर्वेक्षणात व्हॉयसी नावाचे डॉक्टर होते. बेसाल्टच्या थरांमधे शंख सापडतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यानंतर मद्रासच्या फौजेतले डॉक्टर माल्कमसन यांनी नागपूर-हैदराबादच्या वाटेवर असे जीवाश्म जमवले. त्यांच्या लेखनात हिंगणघाटचंही नाव येतं. त्यांनी जमवलेल्या शंखांपैकी एकाला इंग्लंडच्या सोवर्बी यांनी १८४० मध्ये नाव दिलं : फायसा प्रिन्सेपी. आपल्या भागात सगळ्यांत जास्त सापडणारा दगडी शंख तो हाच.

पसारा कुणाकडे पाठवायचा?

हिस्लॉप आणि हंटर यांनी नागपूरच्या खडकांवर आणि जीवाश्मांवर मोठा निबंध लिहिला. लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात तो १८५५ मध्ये छापून आला. त्यात शंखांबरोबर बाकीचाही पसारा होता. नागपूरच्या दक्षिणेला मांगली या गावाजवळ एका जुन्या उभयचर प्राण्याची कवटी मिळाली होती. ती रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली. डायनोसॉर हा शब्द ज्यांनी दिला, तेच हे ओवेन. त्यांनी त्या प्राण्याला ब्रॅकिऑप्स हे नाव दिलं.

किडे अँड्र्यू मरे यांच्याकडे गेले, वनस्पती बनबरी यांच्याकडे, आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव रूपर्ट जोन्स यांच्याकडे. म्हणजे ज्याला जे कळतं त्याच्याकडे ते पाठवायचं. मला सगळं येतं असा आव त्यांनी आणला नाही. शंखांचं काम मात्र हिस्लॉप यांनी स्वतः केलं. १८५८ च्या अखेरीस ते रजेवर मायदेशी गेले आणि तिथे बसून त्यांनी ही वर्गवारी पूर्ण केली. तो निबंध १८६० मध्ये प्रसिद्ध झाला.

शंखांची वर्गवारी कशी करायची?

आता जरा थांबून विचार करा. तुमच्यासमोर टोपलीभर दगडी शंख आहेत. आतला जीव कधीच गेला. रंग गेला. कित्येक शंख अर्धेच दिसतात. कोणता कुणाचा भाऊ, हे ठरवायचं कशावरून?

हिस्लॉप यांच्याकडे शिल्लक होता तो फक्त आकार. त्यात पाहायच्या गोष्टी अशा. पहिली, शंख कोणत्या हाताचा. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून शंख धरा. तोंड उजवीकडे आलं तर तो उजवा, डावीकडे आलं तर डावा. बहुतेक शंख उजवे असतात. फायसा मात्र डावा असतो, म्हणून तो घोळक्यातून लगेच वेगळा काढता येतो. दुसरी, वेढे किती आणि शेवटचा वेढा केवढा. तिसरी, तोंड गोल की लांबट, काठ पातळ की जाड. चौथी, अंगावर रेघा, गाठी, काटे आहेत की तो गुळगुळीत आहे.

त्यानंतरची पायरी सगळ्यांत महत्त्वाची : आज जिवंत असलेल्यांशी तुलना. फायसाचे भाऊबंद आज तळ्यात राहतात. लिम्निया, पॅल्युडिना हेही गोड्या पाण्यातले. टाकळीचे शंख या कुळांशी जुळत होते. काही जमिनीवरच्या ओलसर जागी राहणाऱ्या गोगलगायींशी जुळत होते. समुद्रातल्या शंखांशी जुळणारा त्यांत कुणी नव्हता.

आता माझी चूक तुमच्या लक्षात आली असेल. दगडात शंख दिसला म्हणजे तिथे समुद्र होता, असं होत नाही. शंख कुणाचा हे आधी पाहावं लागतं. त्या मुलाच्या दगडातला अर्धा बाहेर आलेला शंख मी दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात घेतला. टोक वर धरलं. तोंड डावीकडे होतं.

हिस्लॉप यांनी नव्या शंखांना नावं दिली तीही पाहण्यासारखी आहेत. एकाचं नाव नागपूरवरून, एकाचं टाकळीवरून, एकाचं मित्र हंटर यांच्यावरून. आपल्या टाकळीचं नाव लॅटिन रूप घेऊन जगातल्या प्राण्यांच्या यादीत जाऊन बसलं.

एक अडचण मात्र त्यांना सतत येत होती. फायसा प्रिन्सेपीचे शंख एकासारखे एक नसत. कुणी लांबट, कुणी फुगीर. मग या वेगवेगळ्या जाती म्हणायच्या की एकाच जातीतले फरक? हिस्लॉप यांनी जात एकच ठेवली आणि लांबट, फुगीर असे तिचे उपप्रकार केले. आपल्याच वर्गात एका आईची दोन मुलं एक उंच आणि एक ठेंगणी असतात, म्हणून आपण त्यांची आडनावं बदलतो का? फरक दिसणं सोपं असतं. कोणता फरक मोजायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे ठरवणं अवघड. वर्गीकरणाचं खरं काम तिथेच असतं.

मग समुद्र कुठे होता?

समुद्री शंख हिस्लॉप यांच्या हातात आलेच नाहीत, असं मात्र नाही. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ, गोदावरीकाठी काटेरू म्हणून गाव आहे. तिथेही बेसाल्टच्या थरांमधे शंख सापडत. तिकडचे नमुनेही हिस्लॉप यांनी अभ्यासले. त्यांपैकी काही शंखांच्या नावांत एलिअट, स्टॉडार्ड अशी तिथल्या इंग्रज मंडळींची नावं आहेत.

हे शंख वेगळेच होते. उंच निमुळते, मिनारासारखे, अंगावर गाठी असलेले. असे शंख खाडीच्या चिखलात, खारफुटीच्या आसपास राहतात. कोकणात तिवरांच्या चिखलात फिरलेल्यांनी त्यांचे आजचे भाऊबंद पाहिले असतील. त्यांपैकी एक शंख हिस्लॉप यांनी विकारिया या वर्गात घातला. हा वर्ग आज पृथ्वीवर कुठेच जिवंत नाही. सिंधमध्ये जीवाश्म गोळा करणाऱ्या कॅप्टन विकारी यांच्यावरून फ्रेंच अभ्यासक द'आर्शियाक आणि हेम यांनी १८५४ मध्ये तो वर्ग मांडला होता. म्हणजे अवघ्या सहा वर्षांपूर्वी मांडलेला वर्ग हिस्लॉप यांना माहीत होता आणि आपल्या हातातला शंख त्यात बसतो का, हे ते ताडून पाहत होते. आजच्यासारखं मोबाइलवर शोधायची सोय नसताना!

आता खरी गंमत. काटेरूला या खाडीतल्या शंखांच्या जोडीने गोड्या पाण्यातले काही शंखही होते, आणि ते नागपूरच्या ओळखीच्या शंखांशी जुळत होते. यावरून हिस्लॉप यांनी अनुमान काढलं, की दोन्ही ठिकाणचे थर साधारण एकाच काळातले. त्या काळी किनारा गोदावरीच्या मुखाच्या बाजूला होता. तिथे नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी एकमेकांत मिसळत होतं. इकडे नागपूर-हिंगणघाटकडे मात्र तळी होती.

मला यात आणखी एक धागा दिसला. आपली वणा नदी वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून समुद्राला जाते. समुद्र आपल्या गावात नव्हता. पण आपल्या गावातलं पाणी आजही त्या शंखांच्या गावावरून समुद्राला जातं.

चूक त्यांचीही झाली

हिस्लॉप यांचं सगळंच बरोबर होतं असं समजू नका. राजमहेंद्रीच्या शंखांची त्यांनी युरोपातल्या शंखांशी तुलना केली आणि हे थर इओसीन काळातले ठरवले. म्हणजे डायनोसॉर संपून गेल्यानंतरच्या काळातले. हा वाद पुढे शंभरावर वर्षं चालला. बिरबल साहनींसारख्या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञानेही वनस्पतींच्या जीवाश्मांवरून हिस्लॉप यांच्यासारखंच मत दिलं होतं. मग खडकांचं वय मोजायच्या नव्या पद्धती आल्या आणि दख्खनच्या लाव्ह्याचं वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं ठरलं. म्हणजे आपली ही तळी डायनोसॉरांच्या अगदी शेवटच्या काळाला लागून होती.

शंखांची नावंही बदलली. फायसा प्रिन्सेपी आजच्या फायसापेक्षा बराच मोठा होता. त्याला पुढे प्लॅटिफायसा हा वेगळा वर्ग मिळाला. हा वर्गही आज नामशेष आहे. एकविसाव्या शतकात भारतीय आणि परदेशी अभ्यासकांनी लंडनच्या संग्रहालयात जपलेले हिस्लॉप यांचे मूळ नमुने काढून पुन्हा तपासले. समुद्राचा प्रश्नही पूर्ण मिटलेला नाही. छिंदवाड्याजवळ झिलमिली इथे समुद्राशी नातं सांगणारे सूक्ष्म जीव सापडले आहेत, आणि समुद्राचा एखादा फाटा नर्मदेच्या किंवा गोदावरीच्या खोऱ्यातून आत आला होता का, यावर चर्चा चालू आहे.

मग हिस्लॉप यांचं काय उरलं? त्यांचे नमुने उरले, त्यांचं वर्णन उरलं, कोणता शंख कुठे सापडला याची नोंद उरली. निष्कर्ष चुकला तरी नोंद प्रामाणिक असेल, तर दीडशे वर्षांनी दुसरा कुणी येऊन ती चूक दुरुस्त करू शकतो. नोंदच नसेल तर काय दुरुस्त करणार?

टाकळघाटची संध्याकाळ

रजेवरून परतल्यावर हिस्लॉप पुन्हा कामाला लागले. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि पुढे रिचर्ड टेंपल तिथले मुख्य आयुक्त झाले. हिस्लॉप यांना या मुलखाची किती बारीक माहिती आहे हे टेंपल यांनी ओळखलं. दोघांची मैत्री झाली.

सप्टेंबर १८६३. आपण हिंगणघाटहून नागपूरला जाताना जाम ओलांडून बुटीबोरीला पोचतो. त्याच भागात टाकळघाट आहे. तिथे जमिनीवर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. फार जुन्या काळातल्या माणसांनी मृतांसाठी रचलेली. टेंपल आणि हिस्लॉप ती पाहायला गेले, उकरून पाहिली. ४ सप्टेंबरच्या संध्याकाळी बाकीची मंडळी बोरीच्या मुक्कामाकडे निघाली. हिस्लॉप मागे थांबले. कशासाठी? गावची शाळा तपासायची राहिली होती.

शाळा तपासून ते एकटेच घोड्यावरून निघाले. अंधार पडला होता. वाटेत नाला होता. दिवसा सहज ओलांडण्यासारखा. पण दरम्यान त्याला पूर आला होता. काही वेळाने मुक्कामावर घोडा आला, पाठीवर स्वार नव्हता. माणसं कंदील घेऊन धावली. त्याच रात्री हिस्लॉप यांचा मृतदेह सापडला. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

पावसाळ्यात पूर आलेला नाला ओलांडून शाळेत जाणारे शिक्षक आणि मुलं आपल्या भागात आजही आहेत. त्यामुळे हा प्रसंग वाचताना मला तो दीडशे वर्षांपूर्वीचा वाटलाच नाही.

त्यांच्या मागे टेंपल यांनी १८६६ मध्ये त्यांची आदिवासींविषयीची टिपणं छापून प्रसिद्ध केली. मिशनच्या शाळेचं १८८३ मध्ये कॉलेज झालं आणि त्याला हिस्लॉप यांचं नाव मिळालं. नागपुरात सापडणाऱ्या एका हिरवट खनिजाला त्यांच्या हयातीतच हिस्लोपाइट म्हणू लागले होते. गोड्या पाण्यातल्या एका चिमुकल्या प्राण्याच्या वर्गालाही हिस्लोपिया हे नाव आहे. दुसऱ्यांची नावं शंखांना देणाऱ्याचं स्वतःचं नाव असं दगडात आणि पाण्यात राहिलं.

आपल्या वर्गात काय करता येईल?

१. वणेच्या किंवा गावतळ्याच्या काठावर पडलेले रिकामे शंख-शिंपले मोठ्या माणसांसोबत जाऊन गोळा करा. पाण्यात मुलांना उतरवू नका. जिवंत गोगलगायी उचलू नका.

२. शंखांचे गट मुलांनाच पाडू द्या. कशावरून गट पाडले ते विचारा. दोन गटांची उत्तरं वेगळी आली तर चूक-बरोबर ठरवायची घाई करू नका. वाद होऊ द्या.

३. टोक वर धरून डावा-उजवा तपासा. देवघरातला शंखही असाच धरून पाहायला सांगा.

४. जीवाश्म मिळाला तर गावाचं नाव, जागा, तारीख आणि कुणाला सापडला हे चिठ्ठीवर लिहून दगडासोबत ठेवा. चिठ्ठी नसलेला जीवाश्म म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

५. प्रत्येक वेगळा दगड जीवाश्म नसतो, हेही सांगा. गिरडच्या टेकडीवर गोल गोट्यांसारखे दगड मिळतात. शेख फरीद बाबांनी व्यापाऱ्याचा माल दगड करून टाकला, अशी त्यांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. भूशास्त्राच्या दृष्टीने त्या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये तयार झालेल्या खनिजाच्या गाठी आहेत. कथा कथेच्या जागी आदराने सांगावी, दगड दगडाच्या जागी नीट पाहावा. दोन्ही एकाच तासाला घेता येतात.

एका पालकांनी मला विचारलं, की मॅडम, हे दगड गोळा करून परीक्षेत मार्क मिळणार का? प्रश्न रास्त आहे. मी एवढंच म्हटलं, की वर्गीकरण हा धडा पुस्तकात आहेच. पुस्तकातलं वर्गीकरण पाठ होतं, हातातलं समजतं.

आणि माझ्या चुकीचं काय झालं? दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर मी आधी फळ्यावर लिहिलं, की काल मॅडमचं उत्तर चुकलं. मुलं हसली. मग दगड टेबलावर ठेवला आणि प्रत्येकाला तोंड कोणत्या बाजूला आहे ते पाहू दिलं. समुद्रपूरवाला प्रश्न विचारणाऱ्या मुलीला जरा वाईट वाटलं. समुद्र गेला ना हातचा! पण थोड्या वेळाने तीच म्हणाली, की मग मामाच्या शेतात तळं होतं, आणि त्या तळ्याच्या काठावर डायनोसॉर पाणी प्यायला येत असतील. येत असतील का, हे मला माहीत नव्हतं. या वेळी मी मान डोलावली नाही. आपण शोधू, असं म्हटलं.

तो दगड आता आमच्या वर्गाच्या कपाटात आहे. सोबत चिठ्ठी आहे, आणि चिठ्ठीवर मुलांच्या अक्षरात लिहिलं आहे : गोड्या पाण्यातला शंख, डावा.

तुमच्या गावात असे दगड सापडतात का? सापडले असतील तर वर्गात जरूर दाखवा. आणि उत्तर सांगायच्या आधी एकदा शंख सरळ धरून बघा.